वड्यांवरचे काळे तीळ

रायपुरात थंडी आल्याचं मला स्वेटरवरून कळत नाही, बोटावरून कळतं. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जायचं, कठड्यावरून बोट फिरवायचं आणि बोट काळं झालं की समजायचं, आली बाई थंडी. आमचं घर तेलीबांध्याला, सातव्या मजल्यावर. खाली तलाव, पलीकडे नव्या रायपूरकडे जाणारा रस्ता. मी रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला जाते. पावसाळ्यात हा कठडा इतका लख्ख असतो की त्यावर पोळी लाटावी. पण दिवाळी सरली, धान कापून झालं, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागली की ती बारीक काळी भुकटी बिनबोभाट येऊन बसते. माझी मुलगी म्हणते, "आई, उँगली क्यों गंदी करती हो? मोबाइल में देख लो ना, हवा खराब है आज." तिला मराठी सगळं समजतं, रागावलेलं तर विशेषच, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिच्या मोबाइलवर हवेचा आकडा येतो, आकड्याला हिरवा, पिवळा, लाल रंग येतो. माझं त्या आकड्याशी काही वाकडं नाही. पण आमच्या घरी हवा मोजायची रीत निराळी होती, आणि ती माझ्या आईनं बाबांच्या एका जुन्या पायजम्यातून शोधून काढली होती.

यंदा हे सगळं आठवायला कारण झाली एक मच्छरदाणी. परवा पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले तर कोपऱ्यात खाटेवर मच्छरदाणी टांगलेली. मनात आलं, या थंडीत इथे झोपतंय तरी कोण? जाळी वर करून पाहिलं तर आत वड्या. कोहळ्याच्या. ओळीनं मांडलेल्या, वर इवलंसं टोक आणलेल्या, वरून सुकलेल्या आणि बुडाशी अजून ओल्या. उडदाच्या वाटलेल्या डाळीचा तो किंचित आंबूस, किंचित मातकट वास नाकात गेला आणि मी टाकीचं काम विसरून तिथेच उकिडवी बसले. बेचाळीस पायऱ्या चढून आलेली बाई जशी बसेल तशी नाही. शाळा चुकवून आलेली पोर बसते तशी.

आमच्याकडे वऱ्हाडात त्याला वड्या म्हणतात, इथे छत्तीसगडात बडी. कोहळ्याला इथे रखिया म्हणतात. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी हे दोन्ही शब्द एकाच परातीत नांदायचे, कारण वड्या करणाऱ्या दोघी होत्या. एक माझी आई, अमरावतीची. दुसरी फुलेसरी दीदी, आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, पाटणकडच्या गावची. थंडी पडली की दीदी गावाहून कोहळे आणायची आणि दारातूनच आईला हाक मारायची, "दीदी, रखिया आ गे!" मग दोघी दोन दिवस कोणाच्या नसत. एक दिवस किसण्याचा, दुसरा फेटण्याचा. डाळ रात्रभर भिजवायची, सालं काढायची, पाट्यावर वाटायची आणि मग पहाटे परातीत हातानं फेटत बसायचं. किती फेटायचं? तर वाटीभर पाण्यात एक थेंब टाकून पाहायचा. बुडाला तर अजून फेट, तरंगला तर चला गच्चीवर. मला तो थेंब टाकायचा मान असे. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला वाटायचं, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत याहून सोपी कसोटी एकही नाही.

मी सांगतेय ती थंडी नवं राज्य झाल्यानंतर दोन-तीन वर्षांची. रायपूर राजधानी झालं होतं आणि त्या नव्या नवरीसारख्या गावाला काय करू आणि काय नको असं झालं होतं. म्हणजे प्रत्यक्षात काय झालं होतं, तर रस्ते खोदले होते. जिकडे पाहावं तिकडे गिट्टी, रेती, सिमेंटची पोती. लाल दिव्याच्या गाड्या धुरळा उडवत जायच्या आणि आम्ही तोंडावर ओढणी धरून अभिमानानं त्यांच्याकडे बघायचो. नागपूरचे नातेवाईक पूर्वी "रायपूर म्हणजे तिकडं जंगलात ना?" असं विचारायचे, ते आता "काय राजधानीवाले!" म्हणू लागले. त्या एका शब्दासाठी आम्ही किती धूळ गिळली असेल!

आणि धूळ एकटी नव्हती. उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर सिलतरा. तिथे लोखंडाच्या भट्ट्या एकामागून एक उभ्या राहिल्या होत्या. पोरांना नोकऱ्या मिळाल्या होत्या, त्याचा आनंदही होता; आमच्या गल्लीतली तिघं तिथे कामाला जायची. पण थंडीत वारा उत्तरेकडून येतो, आणि येताना रिकाम्या हातानं येत नाही. आमचे कॉलेजचे सर सांगायचे, उन्हाळ्यात गरम हवा धुराला वर घेऊन जाते, थंडीत मात्र जमिनीलगतची हवाच गार आणि जड, त्यामुळे धूर वर जात नाही, गोधडी घेऊन गावातच झोपतो. मला ते फार आवडलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "झोपते तं झोपू दे, पण माह्या वड्यायवर काहून झोपते?"

त्या वर्षी पहिल्या घाण्याच्या वड्या घातल्या, वाळल्या, डब्यात गेल्या. अमरावतीहून मामा आला होता, त्याच्याबरोबर एक डबा पाठवला. आठवड्यानं मामीचा फोन. आई फोन कानाला लावून ऐकत होती आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होत चालला होता. मामी म्हणत होती, "वन्सं, यंदा वड्यायत काळे तीळ घातले काय? मस्त दिसतात. शेजारच्या बाईनं बी कृती मागतली."

आईनं फोन ठेवला आणि डबा उघडला. मी, फुलेसरी दीदी आणि ती, तिघी डब्यात वाकलो. पांढऱ्या वड्यांवर बारीक बारीक काळे ठिपके. खरंच, तीळच वाटावेत असे. इकडे बिजौरी म्हणून एक प्रकार करतात, त्यात तीळ घालतातच, त्यामुळे मामीची काही चूक नव्हती. दीदीनं एक वडी हातात घेतली, नखानं खरवडली, नख नाकाशी नेलं आणि निकाल दिला, "ए तिली नोहे दीदी, करिया धुर्रा ए." तीळ नाही, काळी धूळ. ओली वडी गच्चीवर मांडली की वरून पडेल ते तिला चिकटणारच.

आणि आई हसत सुटली. अमरावतीला कोणी बाई आमच्या भट्ट्यांची काजळी कृतीसकट मागतेय, याचं तिला इतकं हसू आलं की ती पाटावर बसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता तिचा श्वास अडकला. तो परत येईना. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला, ओठ फिके पडले, आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. मी फार घाबरले होते. दीदीनं तिची पाठ चोळली, मी कॉलनीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

दम दोन थंड्यांपासून होताच, आम्ही त्याला सर्दी म्हणत होतो. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला आणि बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, "दवा अपनी जगह है, बाबूजी. पर इनको धुएँ से दूर रखना पड़ेगा. पंद्रह दिन देखते हैं. ऐसा ही रहा तो ठंड भर कहीं बाहर भेज दीजिए. इस साल भी, और आगे हर साल."

हर साल. म्हणजे दर वर्षी दिवाळी झाली की आईनं अमरावतीला मामाकडे जायचं आणि होळीला यायचं. बाबांनी त्याच दिवशी जाऊन सोळाव्या दिवसाचं तिकीट काढून आणलं. देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं.

आई तशी घरातला रेडिओ होती. सकाळी दुधवाल्यापासून तिचा आवाज सुरू व्हायचा तो मीठ संपल्याच्या घोषणेपर्यंत. आता ती दोन शब्द बोलायची आणि थांबायची. "बेबी, भाजी..." आणि मग श्वास. "...उतरव." बेबी म्हणजे मी. वाक्याच्या मधल्या त्या जागेत घरातलं घड्याळ ऐकू यायचं. भांडण तर तिनं सोडूनच दिलं होतं, आणि ज्या घरात आई भांडत नाही ते घर मला परक्याचं वाटू लागलं.

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, त्याच वर्षी निवृत्त झाले होते. सारा जन्म तेच डबा घेऊन निघायचे आणि आई दारात उभी राहायची. आता ती निघणार आणि ते दारात उभे राहणार, ही ड्यूटी त्यांना येत नव्हती. ते गप्प झाले की समजायचं, यांना भीती वाटतेय. मग ती भीती रागाच्या वाटेनं बाहेर पडायची, आणि त्या रागाचं नाव एकच. सिलतरा. कपड्यांना डाग पडला, सिलतरा. पेरूचं झाड मोहरलं नाही, सिलतरा. एकदा वरण शिजलं नाही तेव्हाही त्यांनी उत्तरेकडे पाहिलं.

आणि हे सगळं ते कुठे बसून बोलायचे? तर फाटकापुढे, स्वतः पेटवलेल्या शेकोटीजवळ.

थंडीत सकाळी शेकोटी पेटवण्याला इथे भुर्री तापणं म्हणतात. प्रत्येक पाऱ्यात, म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात, दहा पावलांवर एक भुर्री. पण बाबांच्या भुर्रीची बातच और. निवृत्तीनंतर ती त्यांची कचेरी झाली होती. सहाला पेटायची, आठला विझायची. निवृत्त हेडमास्तर साहू गुरुजी, पेपरवाला, दूधवाला, शाळेत जाणारी पोरं, सगळे हात पसरून उभे. तिथे सरकारं पडायची, लग्नं जुळायची. लोक म्हणायचे, "बाबूजी, ओले पत्ते भी एक तीली में कैसे जला लेते हो?" बाबा नुसते हसायचे. ते गुपित मला ठाऊक होतं. पानांच्या ढिगाखाली ते सायकलच्या जुन्या टायरचा वीतभर तुकडा ठेवायचे. टायर धरला की ओली पानंही निमूटपणे पेटतात. काळा धूर निघतो थोडा, पण तो, बाबांच्या मते, वर निघून जायचा.

आई फार शिकलेली नव्हती, पण तिला गळतं भांडं शोधता यायचं. एके दिवशी तिनं बाबांचा जुना पांढरा पायजमा काढला, त्याचे चार फडके फाडले, ओले करून पिळले आणि मला सांगितलं, "गच्चीच्या चारी कोपऱ्यावर... बांध." मी म्हटलं, "काहून वं?" "बांध तं." बांधले. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून आणले आणि ओसरीत ओळीनं मांडले. उत्तरेकडचा काळा, ते अपेक्षितच होतं. बाबा विजयानं म्हणाले, "पाय! सांगतलं नव्हतं मी? सिलतरा!" पण रस्त्याकडचा फडका, फाटकाच्या बरोबर वरचा, त्याहूनही काळा होता. त्यावर नुसती भुकटी नव्हती, काजळीच्या चांगल्या लांबट तारा होत्या.

"हवा फिरली असन," बाबा म्हणाले.

आईनं चारही फडके घडी करून ठेवले. वाद घालण्याएवढा दम तिच्यात नव्हता. दोन दिवसांनी बाबांना भिलाईला एका लग्नाला जायचं होतं. ते मुक्कामाला गेले, भुर्री पेटली नाही. आईनं पुन्हा चार फडके बांधायला लावले. बाबा परत आले तेव्हा ओसरीत आठ फडके मांडलेले होते, चार वर, चार खाली. उत्तरेचा दोन्ही वेळा काळा. फाटकाकडचा मात्र एकदा डांबरासारखा आणि एकदा नुसता मळका.

बाबा हातातली पिशवी न ठेवता फडक्यांपुढे उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता हे वाऱ्याचं काही तरी शास्त्र काढणार. पण ते हळूच खाली बसले, तो काळा फडका उचलला, आणि बोटांनी चोळून पाहिला. मग आईकडे न पाहता म्हणाले, "मीच तुले धूर पाजून राहिलो होतो काय वं?"

आई म्हणाली, "जेवून... घ्या आधी."

बाबा हात धुऊन ताटावर बसले. मला बाबांची दया आली. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसाची आपण चेष्टा करतो, पण ज्याला आपलं बोट काळं दिसतं आणि तरी जो ताटावर बसतो, त्याची चेष्टा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला साहू गुरुजी सवयीनं आले, हात पसरून उभे राहिले आणि पाहतात तर खाली थंडगार जमीन. "बाबूजी, आज भुर्री?" बाबा म्हणाले, "बंद." "काहे?" बाबांनी आत जाऊन फडका आणला आणि गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि म्हणाले, "हव, बात तो सही है. पर ठंड का क्या करें?" तेव्हा बाबांना सुचलं ते सोपं होतं. आमच्या गच्चीवर साडेसातला ऊन येतं. तास-दीड तास उशिरा भेटायचं, एवढंच. "उन्हात बसा ना बाप्पा. सरकारबी लावत नाही त्याले टॅक्स."

मग आमच्या गच्चीवर रोज सकाळी पाच-सहा म्हातारे शाली पांघरून, उन्हाकडे पाठ करून बसू लागले. फुकट बसवलं नव्हतं आईनं. दुसऱ्या घाण्याच्या वड्या तिथेच वाळत होत्या, त्यांची राखण म्हाताऱ्यांकडे. वर पातळ साडी ताणलेली, काळे तीळ पडू नयेत म्हणून, आणि बाजूला कावळे हाकायला निवृत्त हेडमास्तर. झाडलेली पानं मागच्या अंगणात खड्ड्यात जाऊ लागली. बाबांनी खड्डा स्वतः खणला आणि दोन दिवस कंबर धरून चालले. टायरचे उरलेले तुकडे त्यांनी कुठे नेऊन दिले ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

पण बाबा नुसते आपली भुर्री विझवून बसणारे नव्हते. गाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात बसतो, पण अख्ख्या गाडीची काळजी त्याची. ते सकाळी काठी घेऊन पाऱ्यात फेरी मारू लागले. कोणी पाला पेटवलाय, कोणी पाला म्हणून प्लास्टिक पेटवलंय, कोणी कोळशाची सिगडी बोळात ठेवलीय. काहींनी ऐकलं. काहींनी सुनावलं, "अपने घर में देखो, बाबूजी, दो दिन पहले तक खुद जलाते थे." बाबा म्हणायचे, "हो, जलाता था. इसीलिए तो बोल रहा हूँ." पेपरवाल्यानं एकदा मला हसत हसत सांगितलं, "दीदी, बाबूजी दिखते हैं तो लोग आग के सामने खड़े हो जाते हैं, छुपाने के लिए."

आणि मग उत्तरेकडचा फडका. तो भुर्री विझवूनही काळाच होता, हे आई रोज दाखवत होती. बाबांनी तक्रारीचा अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, रेल्वेत रिपोर्ट लिहायचे तसा. वर विषय, खाली संदर्भ. आणि शेवटी, "संलग्न: कपड़ा, एक नग." मला घेऊन ते पर्यावरणाच्या कचेरीत गेले. नवी राजधानी, नवी कचेरी. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. तिथल्या कारकून बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारला. मग घडी घातलेला फडका पाहिला.

"ये क्या है?"

"संलग्नक," बाबा म्हणाले. "इस पर भी मारिए."

बाबूनं आमच्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, फडक्याच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या कोपऱ्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला. माझ्या बाबांच्या पायजम्याची छत्तीसगड शासनानं अशी रीतसर दखल घेतली. मी हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली, धुळीसाठी धरावी तशी. आतल्या साहेबांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. तरुण होते, वर्ध्याकडचे निघाले. त्यांनी मराठीत समजावलं, "काका, धूर गाळायचं यंत्र असते भट्टीले. पण नुसतं असून भागत नाही, ते चालवा लागते. वीज खाते ते. आमी तपासतो." त्यांनी तपासलं की नाही, नोटीस गेली की नाही, मला ठाऊक नाही. एके सकाळी ते आमच्या गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे बघून गेले आणि वड्यांची भाजी खाऊन गेले, एवढं मात्र खरं.

आज ऑफिसात याच विषयावर बैठका होतात, तेव्हा मला राहून राहून वाटतं की हवेचं भांडण अवघड आहे, कारण त्यात आरोपी आणि फिर्यादी एकाच गच्चीवर बसलेले असतात. मीसुद्धा एकटी गाडीत बसून नव्या रायपूरला जाते आणि पुढच्या ट्रकच्या धुराला नावं ठेवते. अलीकडे आठवड्यातून तीनदा ऑफिसच्या बसनं जाऊ लागले, मुलगी म्हणते, "वाह, सुधर रही हो." भट्टीचं यंत्र चालू ठेवायला सरकार लागतं, इमारतीच्या रेतीवर ताडपत्री टाकायला ठेकेदार लागतो, पण टायरचा तुकडा न पेटवायला आपणच लागतो. सगळं एकदम होत नाही म्हणून काहीच करू नये, हे मात्र मला पटत नाही. त्या थंडीत आमच्या पाऱ्यात सकाळचा धूर कमी झाला होता, हे मी माझ्या नाकानं सांगते. सकाळी मोगऱ्याच्या रोपाजवळून जाताना नुसत्या ओल्या मातीचा वास यायचा. तो वास तिथे आधीही असणार. आम्हाला येत नव्हता.

पण आईचं काय? दिवस जात होते. पंप चालू होता. शीळ कमी झाली होती, असं मला वाटायचं. नाही झाली, असंही वाटायचं. रात्री ती उशा रचून बसल्या बसल्या झोपायची, त्यातली एक उशी तिनं काढून टाकली होती. मी विचारलं की म्हणायची, "बरं आहे." पण बरं आहे हे दोन शब्द तर कोणीही म्हणतं. बोलणं तिचं अजून तुकड्यातुकड्यांतच होतं, किंवा तिला तशी सवय लागली होती. फुलेसरी दीदी येऊन तिचा हात धरून बसायची आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारायची, जाणार का? मी खांदे उडवायची. पंधरावा दिवस उजाडला. संध्याकाळी डॉक्टर बघणार होते. आईची बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि बाबा येता-जाता तिच्याकडे पाठ करून चालत होते.

त्या सकाळी बाबांना स्वस्थ बसवेना. आईला निदान आजच्या दिवशी तरी धुळीचा कण लागू नये म्हणून त्यांनी अंगणातल्या नळाला पाइप लावला. गल्ली भिजवली. ओटा भिजवला. मग पाइप ओढत गच्चीवर गेले, कारण झाडू मारला तर काळी भुकटी उडते, पाणी मारलं तर बसते. हिशेब अगदी बरोबर होता. त्यांनी नळीच्या तोंडावर अंगठा धरला आणि वर, हवेत, मोठा फवारा सोडला. गुरुजी कोपऱ्यात पेपर वाचत होते. फवारा कमानीसारखा वर गेला, उन्हात चमकला, आणि चार दिवस वाळवलेल्या, आज डब्यात जायच्या वड्यांवर सगळा खाली आला. पातळ साडी भिजून वड्यांना चिकटली. पांढरं पाणी खाटेखालून वाहू लागलं.

आई तेवढ्यात वर आली. तिनं ते पाणी पाहिलं, खाट पाहिली, बाबांच्या हातातला पाइप पाहिला.

"काहो, तुमाले देवानं डोळे देले ते काय चष्मा ठेवाले देले काय, चार दिवस झाले मी या वड्यायले लेकरावानी उलट्या-पालट्या करून राहिली, आज डब्यात भरतो म्हणलं, अन् तुमी आले पाइप घेऊन बंबवाल्यासारखे, धूळ बसवाची तं रस्त्यावर बसवा ना, माह्या वड्यायच्या डोक्यावर काहून बसवता, थे फुलेसरी दीदी बिचारी गावाहून कोहळे उचलून आणते, डाळ धुता धुता माह्ये हात गारठले, अन् हे गुरुजी, हे राखणदार म्हणे, अशा राखणदाराले तं कावळा बी चहा पाजून जाईन, अन् तुमी आता हसता काहून, मी इकडं बोंबलून राहिली अन् तुमी घड्याळ काय पाहून राहिले, कोणती गाडी सोडाची आहे तुमाले—"

बाबा खरंच घड्याळ पाहत होते. पाइपचं पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं, त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. आई या एवढ्या बोलण्यात एकदाही थांबली नव्हती.

"बोल," बाबा म्हणाले. "अजून बोल. थांबू नको."

आणि मग माझ्याकडे वळून, गार्डच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बेबी, स्टेशनवर जा. तिकीट वापस करून ये."

"अन् येता येता उडदाची डाळ आणजो," आई म्हणाली, आणि पुन्हा बाबांकडे वळली.